मदिनेचा तोडगा आणि आमची फ्रंट रूम

तमाम सुज्ञ वाचकांस, आणि त्यातही ज्यांनी आयुष्यात कधी ना कधी एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणीत बसून थंड चहा प्यायला आहे अशा सर्व सोशिक जिवांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, इस्लामच्या आरंभीच्या काळात मदिना शहरी उद्भवलेला राज्यकारभाराचा एक महाबिकट प्रश्न पुन्हा एकदा उद्भवला, तो इंग्लंडातल्या स्लाऊ येथे, आमच्या घरी, गॅस फायर आणि सोफा यांच्या मधल्या जागेत. आणि तो सुटेपर्यंत माझ्या आईने बटाटेवडे तळायला ठाम नकार दिला. या घटनेची दखल कुठल्याही इतिहासकाराने घेतलेली नाही. ते पवित्र काम माझ्यावर येऊन पडलं आहे. कृपया उभं राहावं. बरं, बसा.

आमचं घर स्लाऊमधल्या शेकडो घरांसारखंच होतं, एका कुशीने शेजाऱ्याला चिकटलेलं आणि दुसऱ्या कुशीला गाडी कशीबशी मावेल एवढी जागा सोडलेलं. डोक्यावरून हीथ्रोची विमानं जात. विमान आलं की घरातलं बोलणं थांबे आणि ते गेलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू होई. आईचं रागावणंसुद्धा. "तुला कितीदा सांगितलं, ओले..." विमान. "...टॉवेल रेडिएटरवर टाकू नकोस." पाहुण्यांना वाटे, या घरातले लोक फार विचार करून बोलतात. वारा ट्रेडिंग इस्टेटकडून आला की चॉकलेटच्या कारखान्याचा वास येई, आणि त्याच वेळी आईने लसणाची फोडणी दिलेली असली तर जो तिसराच वास तयार होई, तो आज कुणी मला बाटलीत भरून दिला तर मी दारात ओवाळून घरात घेईन. फोडणी पडली की हॉलवेतला स्मोक अलार्म ओरडायला लागे. मग बाबा हातातलं काम टाकून त्याच्याखाली उभे राहत आणि किचन टॉवेलने त्याला वारा घालत, एखाद्या रुसलेल्या संस्थानिकाला घालावा तसा. तळण असेल तेव्हा आई मागचं दार सताड उघडून, अंगात हिवाळी कोट चढवून कढईपुढे उभी राही. त्या कोटाचा वास कधी गेला नाही. ट्रेनमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या किती इंग्रज माणसांना काही कारण नसताना भूक लागली असेल, देव जाणे.

बाबा, म्हणजे वसंत राजवाडे, इस्टेटवरच्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करत आणि उरलेल्या वेळात आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी होते. सेक्रेटरी म्हणजे हॉलची किल्ली ज्याच्या खिशात असते तो माणूस. कौन्सिलकडून हॉल मिळवणं, माइक चालत नसेल तर त्याच्या पाठीत धपाटा घालणं, नाटकातल्या राजाला ऐन वेळी पँटवर बांधायला उपरणं शोधून देणं, हे सगळं बाबांचं. मंडळाच्या एकाही फोटोत बाबा नाहीत, कारण फोटो तेच काढत. त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. हे त्यांनी आम्हाला कधीही सांगितलं नाही, पण आमच्या बाथरूमची भिंत पातळ होती. रविवारी सकाळी आतून "बंधू आणि भगिनींनो" एवढं ऐकू येई, मग नळाचा आवाज, आणि बऱ्याच वेळाने, अतिशय भारलेल्या स्वरात, "धन्यवाद." मधलं भाषण पाणी घेऊन जाई. आई स्वयंपाकघरातून मला म्हणे, "झालं यांचं. चहा टाक."

आता मी लंडनमध्ये हॅरोला राहते. ते घर विकलं, बाबा गेले, आणि मंडळाचे अध्यक्ष हल्ली फोनवर बटण दाबून निवडतात. पण आजही घरात कुठे नळ वाहताना ऐकला की माझे कान त्या "धन्यवाद"ची वाट बघत राहतात.

तर, मदिना. दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं. मी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत, होते आणि मला सायकॉलॉजी घ्यायचं होतं, पण तो वर्ग भरला. टाइमटेबलच्या त्याच चौकोनात रिलिजस स्टडीज होतं आणि त्यात आरंभीच्या इस्लामी जगाचा पेपर होता: धर्म, राज्यकारभार, समाज. मी नाक मुरडत गेले आणि मिसेस सिद्दीकींच्या पहिल्याच तासाला पुरती अडकले. या बाई लाहोरच्या, मँचेस्टरमध्ये वाढलेल्या, उंच, आणि खडू असा धरायच्या की आता तो आपल्यावर येणार असं प्रत्येकाला वाटे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "या वर्गात वेगवेगळ्या बाकांवर वेगवेगळ्या आठवणी बसल्या आहेत. कुणाच्या घरी ही गोष्ट एका तऱ्हेने सांगतात, कुणाच्या घरी दुसऱ्या. ज्याने त्याने दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकायचं. आणि ज्यांच्या घरी ही गोष्ट सांगतच नाहीत," इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं, "त्यांनी सगळ्यात जास्त ऐकायचं." मी ऐकलं. आणि जे ऐकलं ते रोज घरी आणून जेवणाच्या टेबलावर सांगायला लागले, हातवारे करून, आवाज बदलून, वरणाच्या पळीने दिशा दाखवत. बाबांना त्याचं इतकं वेड लागलं की ते माझी बस यायच्या वेळेला खिडकीत उभे राहत. राज्याचा खजिना भरल्यावर लोकांना वेतनं कशी ठरली, आणि धर्मात आधी कोण आलं, नंतर कोण, यावरून मान आणि वाटा कसा ठरला, हे मी सांगितलं तेव्हा बाबा टेबलावर थाप मारून म्हणाले, "म्हणजे हे तर आपले भिडे आणि त्यांची कोथिंबीर!"

भिडेकाका हे मंडळातल्या जुन्या लोकांचे पुढारी. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचाच. कुठल्याही वादात त्यांचं शेवटचं अस्त्र एकच, "आम्ही आलो तेव्हा इथे कोथिंबीर मिळत नव्हती!" नवे लोक म्हणजे व्हिसावर आलेली सॉफ्टवेअरची मंडळी, आणि त्यांची म्होरकी नागपूरची सोनाली वानखेडे, तिशीच्या आतली, बोलायला लागली की विमानासाठीही न थांबणारी. तिला मंडळाची वेबसाइट हवी होती, मोठा हॉल हवा होता, मुलांच्या मराठी वर्गात गाणी-खेळ हवे होते. भिडेकाकांना बाराखडी हवी होती. नवे लोक उघडच म्हणायला लागले होते की नसेल जमत तर आम्ही रेडिंगला वेगळं मंडळ काढतो. आणि अशा वेळी आमचे संस्थापक अध्यक्ष आप्पासाहेब यांनी कायमचं पुण्याला परत जायचं ठरवलं.

आप्पासाहेब आमच्याकडे जेवायला आले तो शुक्रवार मला ताटासकट आठवतो. अळूवड्या (त्यासाठी आई साउथॉलच्या देशी बाजारात जाऊन आली होती), मसालेभात, लोण्याचं घरी कढवलेलं तूप, आणि श्रीखंड, जे ग्रीक योगर्टचं होतं पण तसं म्हणायची बंदी होती. ते का आले आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. श्रीखंडाच्या वेळी ते घसा खाकरून "वसंतराव, आता तुम्हीच" असं म्हणणार होते. आईने तर साडीसुद्धा त्या वाक्याला शोभेल अशी नेसली होती. आणि मसालेभात चालू असताना बाबा, माझे भोळे, लेकीच्या कौतुकाने फुगलेले बाबा, म्हणाले, "अगं, आप्पांना ते सांग ना, त्या सहा जणांचं."

मग काय, मला व्यासपीठ मिळालं. मी सांगितलं. दुसरे खलिफा मरणशय्येवर आहेत, नमाजाच्या वेळी कुणी तरी त्यांच्यावर खंजिराचे वार केले आहेत. लोक विचारताहेत, तुमच्यामागे कोण? ते एकाचं नाव घेत नाहीत. सहा जुन्या सोबत्यांची नावं घेतात आणि म्हणतात, तुमच्यातला एक तुम्हीच निवडा, फार दिवस लावू नका. माझा मुलगा मसलतीला बसेल, पण गादी त्याला नाही. सहातला एक गावात नाही. उरलेल्यांचं काही जमेना. तेव्हा त्यांतला एक विचारतो, आपला हक्क कोण सोडतो? जो सोडेल त्याने निवडावं. कुणी पुढे येत नाही. मग तो स्वतःच स्वतःचा हक्क सोडतो, आणि एकेकाला बाजूला घेऊन विचारतो, तुम्ही नाही, तर कोण? मदिनेत घरोघर फिरतो, लोकांच्या मनातलं काढून घेतो आणि मग मशिदीत उभा राहून एक नाव जाहीर करतो. पुढे त्या नावावरून आणि न घेतलेल्या नावावरून किती दुःखं झाली तेही मी सांगणार होते, मिसेस सिद्दीकींनी ते सांगितल्याशिवाय गोष्ट संपवायची नाही असं बजावलं होतं, पण आप्पासाहेबांनी चमचा खाली ठेवला.

"वा!" ते म्हणाले. "किती स्वच्छ विचार आहे! मी एकाचं नाव घेतलं तर दुसरे रुसणार. त्यापेक्षा सहा नावं घेतो. वसंतराव, तुमचंही नाव त्यात धरतो बरं का."

श्रीखंड कुणी दुसऱ्यांदा घेतलं नाही.

तर असे ते सहा जण एका शनिवारी दुपारी आमच्या फ्रंट रूममध्ये जमले, कारण हॉलची किल्ली बाबांकडे असली तरी हॉल त्या दिवशी दुसऱ्यांकडे होता. बाबा. भिडेकाका. सोनाली. कारखानीसबाई, ज्या आपल्या दवाखान्यात दिवसभर पेशंट तपासून इतक्या थकत की मीटिंगमध्ये डोळे मिटून मत देत. मिलिंद नावाचे एक गृहस्थ, ज्यांचा आवाज मी तोपर्यंत ऐकलेला नव्हता. आणि सहावे प्रभुणे, जे नोकरीसाठी कार्डिफला गेले होते पण कार्यकारिणीतून काढायला सगळे विसरले होते. ते एम-फोर मोटरवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले. मी जिन्यावर मांडीवर निबंध घेऊन बसले होते, आणि इतिहासाची ही कारागिरी बघून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मदिनेतसुद्धा एक जण बाहेरगावीच होता की!

आईने दारातच जाहीर केलं, "सारण तयार आहे, पीठ भिजवलंय. कढईखाली गॅस निर्णय झाल्यावर पेटेल."

"वहिनी, हा जुलूम आहे," भिडेकाका म्हणाले.

"हो," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दाराच्या आड जे चाललं ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल. "आम्ही आलो तेव्हा कोथिंबीर बघायला लंडनला जावं लागायचं, लंडनला!" "अहो काका, आता कोथिंबीर कोपऱ्यावर भेटते ना! आपण कोथिंबिरीच्या पुढे जायचं का थोडं?" "पुढे म्हणजे कुठे? रेडिंगला?" "वेळ आली तर रेडिंगला!" "जा ना, आत्ता जा, ट्रेन सांगू कुठली?" मग कारखानीसबाईंचा थकलेला आवाज, "अरे, कुणी तरी व्हा. कुणीही व्हा." दुपार कलली, दिवे लागले, हॉलवेत गारवा उतरला. आई स्वयंपाकघरात उगाचच डबे पुसत होती. आणि मग बाबांचा आवाज आला. भाषणाचा नव्हे, साधा, टेबलावरचा. "ऐका. माझं नाव मी मागे घेतो. मला काही नको. पण मग कोण, ते मी ठरवीन. चालेल का?"

एक विमान गेलं. मग भिडेकाका म्हणाले, "चालेल." सोनाली म्हणाली, "तुम्ही ठरवणार असाल तर चालेल, काका."

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं.

बाबांनी एकेकाला हॉलवेत आणलं, जिन्याखाली, जिथे कोट टांगलेले असत. मी वरच्या पायऱ्यांवर आहे हे त्यांना माहीत होतं, पाहुण्यांना नव्हतं. पहिले भिडेकाका आले. बाबांनी विचारलं, "तुम्ही नाही, तर कोण?" भिडेकाका कोटांकडे बघत म्हणाले, "आता विचारतोस होय रे गाढवा? तू होतास ना!" मग सोनाली. "खरं सांगू, काका? मी ठरवून तुमच्यासाठीच आले होते. भिडेकाकांनी माझं डोकं फिरवलं म्हणून मग मीच उभी राहते म्हटलं." कारखानीसबाईंनी डोळे उघडले आणि "वसंतराव, अर्थात तुम्ही" म्हणून परत मिटले. मग मिलिंद आले आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ते म्हणाले, "आपण." शेवटी बाबांनी प्रभुण्यांना फोन लावला, ते मोटरवेच्या कडेच्या सर्व्हिसेसमध्ये कॉफी पीत होते. फोनमधून हॉलवेभर ऐकू आलं, "तुझ्याशिवाय आहे कोण तिथे? का? तू नाहीयेस का?"

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्या दोन पायऱ्या खाली येऊन बसले. त्यांच्या डोक्यावरचं विरळ झालेलं केसांचं वर्तुळ मला वरून दिसत होतं.

"चिमे," ते मागे न बघता म्हणाले, "तुझ्या त्या माणसाने पुढे शब्द फिरवला का गं?"

"नाही, बाबा."

"कुणी त्याला म्हणालंही नसेल ना, की बाबा रे, तूच हो?"

"तसं काही शिकवलं नाही आम्हाला."

"हं." मग ते म्हणाले, "तुला काय वाटतं? हे सगळे मी सोडलं म्हणून माझं नाव घेताहेत, की आधीपासून घेणार होते?"

"आधीपासून," मी म्हणाले. "बाबा, आत जा आणि सांगा ना. कुणी नाही म्हणणार नाही. हे स्लाऊ आहे, मदिना नव्हे."

बाबा हसले. मान मागे टाकून, आवाज न करता, खांदे हलवत. "अगं, आत्ता मी मागे फिरलो तर त्या खोलीत उद्यापासून कुणाच्याच बोलण्याला किंमत राहणार नाही. भिडे म्हणणार, यानेही नाटकच केलं. आणि ती पोर रेडिंगला जाणार." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, पण उठले नाहीत. त्यांच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर बरोबर होतं का, हे मला अजूनही माहीत नाही. इतकी वर्षं मी ते दोन्ही बाजूंनी घोळवते आहे. कधी वाटतं, माणसं खरोखरच त्यांना निवडून बसली होती, फक्त सांगायची राहिली होती. कधी वाटतं, हक्क सोडलेला माणूस बघायला फार देखणा दिसतो, त्या भरात ती बोलून गेली. हॅरोहून ट्रेनमध्ये बसले की वेम्बली पार्क येईपर्यंत माझं एक मत असतं आणि बेकर स्ट्रीटला दुसरं. मला ठामपणे एवढंच माहीत आहे की त्या पायरीवर त्यांच्या मागे बसण्यासाठी मी आज काहीही देईन, आणि यावेळी खाली सरकून शेजारी बसेन.

मग ते उठले, शर्ट सारखा केला आणि आत गेले. दार त्यांनी उघडंच ठेवलं. आई कोट घालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात झारा, कढई अजून थंड. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकले. बाबा गॅस फायरपाशी उभे राहिले. "बंधू आणि भगिनींनो" म्हणाले नाहीत. म्हणाले, "अध्यक्ष सोनाली. वर्गात आधी बाराखडी, मग गाणी, आणि बाराखडी भिडे शिकवतील. मंडळ एकच राहील. झालं." सोनालीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. भिडेकाकांनी नाकाचा मोठा आवाज करून रुमाल काढला आणि मग, काय वाटलं कोण जाणे, पहिली टाळी त्यांनीच वाजवली. मागोमाग सगळ्यांनी. बाबाही वाजवत होते, सर्वांपेक्षा मोठ्याने, आणि त्यांची नजर आमच्यापैकी कुणाकडेही नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आईने त्यांच्या लग्नापासून त्या संध्याकाळपर्यंत बाबांना नावाने हाक मारलेली नव्हती. "अहो" होतं, "हे" होतं, "ऐकलंत का" होतं, फोनवर "आमच्याकडे" होतं. बँकेतल्या इंग्रज बाईने नवऱ्याचं नाव विचारलं तर आई मला पुढे ढकलत असे. आणि हीच माझी आई त्या टाळ्यांमध्ये झारा हातात धरून उंबऱ्यापर्यंत आली, आणि अध्यक्ष, माजी उमेदवार आणि नवऱ्यासमोर, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं एकदम बोलून गेली:

"मला कुणी विचारलं नाही म्हणून! मी तर वसंतलाच निवडलं असतं!"